ट्रूजेट का बसली? सात एटीआर, तीन वर्षांची सबसिडी आणि शेजारी येऊन उभी राहिलेली इंडिगो

नांदेडच्या लोकांना ट्रूजेट ही विमान कंपनी आठवत असेलच. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्यातून उडान योजनेचा, म्हणजे छोट्या गावांना स्वस्तात विमानाने जोडायच्या योजनेचा, नारळ फोडला, तिथल्या दिल्लीच्या विमानाला झेंडा दाखवला आणि त्याच कार्यक्रमातून आणखी दोन रूट चालू झाले, कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद. हे दोन्ही ट्रूजेटचे. म्हणजे सरकारच्या सगळ्यात गाजलेल्या विमान योजनेचा पहिला दिवस या छोट्या कंपनीने आपल्या खांद्यावर घेतला होता. आणि ५ फेब्रुवारी २०२२ ला हीच कंपनी बंद पडली. कंपनी म्हणाली तात्पुरतं थांबतोय, गुंतवणूकदार येतोय, पण विमानं काही परत उडाली नाहीत.

कोणालाही विचारा, उत्तर एकच, कोविडने मारलं. मला ते अर्धवट वाटतं. कोविडने शेवटचा धक्का दिला हे खरंच, पण कोविड तर सगळ्यांनाच होता. ट्रूजेटचं दुखणं २०१७ च्या डिसेंबरपासूनचं आहे, आणि ते असं की जे रूट पैसे देत होते ते सगळ्यांना मोकळे होते आणि जे रूट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवले होते त्यात पैसे नव्हते. बाकी सगळं याच्या भोवती फिरतं.

आधी कंपनी काय होती ते बघू. कागदावरचं नाव टर्बो मेघा एअरवेज, ब्रँड ट्रूजेट, मुक्काम हैदराबाद. पाठीशी मेघा इंजिनिअरिंग, म्हणजे धरणं-कालवे-पाइपलाइनवाला तिथला बडा समूह, आणि चेहरा म्हणून तेलुगू स्टार राम चरण. १२ जुलै २०१५ ला पहिलं विमान उडालं, हैदराबाद-तिरुपती. विमानं एटीआर ७२, बहुतेक ५०० मॉडेल, जुनी, ७२ सीटची. दोन पंखे लावलेलं टर्बोप्रॉप, ताशी पाचेकशे किलोमीटर, जेटपेक्षा बरंच हळू पण दोन-अडीचशे किलोमीटरच्या उडीत तो फरक दहा-पंधरा मिनिटांचाच पडतो आणि इंधन कितीतरी कमी जातं. औरंगाबादला (तेव्हाचं नाव) पण ते लवकरच यायला लागले, हैदराबादहून, आणि ते विमान तिरुपतीला जाणाऱ्यांना फार सोयीचं पडायचं.

सुरुवातीचा विचार चुकीचा अजिबात नव्हता. आपल्याकडे छोट्या विमानाला कायद्यानेच दोन सवलती आहेत. ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानाला जे इंधन विकलं जातं त्यावर राज्याला एका मर्यादेपलीकडे विक्रीकर लावता येत नाही, आधी ४ टक्के होता मग ५ झाला, मोठ्या विमानाला काही राज्यांत २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त मोजावा लागायचा. दुसरं, ८० पेक्षा कमी सीट असतील तर लँडिंग चार्ज माफ. एटीआर भरून-बिरून २३ टनांच्या आसपास, सीट ७२, दोन्हीत आरामात बसतं. तिसरं म्हणजे हैदराबाद आणि आजूबाजूची मध्यम गावं, राजमुंद्री, विजयवाडा, तिरुपती, जिथे मोठं एअरबस भरणं तेव्हा अवघड होतं. हिशोब बरोबर होता.

फक्त एक गोष्ट. ही सवलत छोट्या विमानाला आहे, छोट्या कंपनीला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उडान कशी चालते

२०१७ च्या मार्चमध्ये उडानच्या पहिल्या बोलीचा निकाल लागला, पाच कंपन्यांना मिळून १२८ रूट मिळाले. त्यातले ८४ एअर डेक्कन आणि एअर ओडिशा या दोघांना, ज्यांच्याकडे १९ सीटची छोटी विमानं होती, आणि नाशिक-जळगावकरांना माहितीये त्यांचं पुढे काय झालं, आज आहे उद्या नाही. ट्रूजेटला १८. पण यांनी खरंच विमानं उडवली, नुसती बोली लावून बसले नाहीत, हे श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

योजना अशी: विमानातल्या निम्म्या सीट (जास्तीत जास्त ४०) ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये. त्यात जो तोटा होईल तो सरकार भरून देणार, त्याला व्हायबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात. ८० टक्के केंद्राच्या फंडातून, २० टक्के राज्याकडून. केंद्राचा फंड कुठून येतो, तर मोठ्या रूटवर उडणाऱ्या विमानांवर दर उड्डाणामागे लेव्ही लावून. वर त्या रूटवर तीन वर्षं दुसऱ्याला उडानमधून प्रवेश नाही. छोट्या विमानतळावर इंधनाचा व्हॅट १ टक्का, पोलीस-फायर राज्याचं. तीन वर्षं झाली की सबसिडी आणि राखीव रूट बंद, आता स्वतःच्या पायावर उभे राहा.

ऐकायला छान आहे. आता आकडे मांडून बघू. हे आकडे कंपनीचे नाहीत, एटीआर चालवायला साधारण काय लागतं त्यावरून मी धरलेले आहेत, त्यामुळे रुपया-रुपयाला धरून भांडू नका.

समजा तासाभराच्या एका फेरीचा सगळा खर्च, इंधन, विमानाचं भाडं, मेंटेनन्स, पायलट-क्रू, हँडलिंग, ऑफिस धरून, सव्वादोन लाख. ७२ सीट. विमान ठासून भरलं तरी सीटमागे ३,१२५ रुपये. पण विमान रोज ठासून भरत नाही, पन्नास माणसं बसली असं धरा, मग माणसी ४,५०० पडले. आता त्या पन्नासातले ३२ जण उडानच्या सीटवर, २,५०० दराने, त्यांचे झाले ८०,००० रुपये. उरले १,४५,०००, आणि ते वसूल करायचे १८ जणांकडून. माणसी आठ हजारांच्या वर. नांदेडहून हैदराबादला जायला आठ हजार कोण देणार हो, रात्रीची गाडी आहे, ट्रॅव्हल्स आहेत, आपली गाडी काढली तर पाच-सहा तासांत माणूस सिकंदराबादला असतो. म्हणजे सबसिडी हा वरचा नफा नव्हता, विमान जमिनीवरून उचलायची ती किंमत होती. ती सरकारकडून वेळेवर आली तरच पुढच्या महिन्याचं भाडं आणि पगार.

बरं हेही ठीक, जर कंपनीचे दुसरे रूट कमावते असतील तर. ट्रूजेटचा डाव तोच होता. हैदराबाद-तिरुपती, राजमुंद्री, विजयवाडा यांनी घर चालवायचं आणि नांदेड-कडप्पाला सबसिडीच्या टेकूवर वाढवायचं, तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागली की तेही कमावते होतील.

मग इंडिगो आली

२०१७ च्या मे महिन्यात, उडानचं पहिलं विमान उडून दोन आठवडेही झाले नसतील, इंडिगोने जाहीर केलं की आम्ही ५० एटीआर घेणार. तोपर्यंत इंडिगो म्हणजे एकच विमान, ए-३२०, सगळा धंदाच एका प्रकारच्या विमानावर. त्यांनी एटीआर घ्यायचं ठरवलं आणि डिसेंबर २०१७ ला पहिलं एटीआर उडवलं ते कुठून, तर हैदराबादहून. तिरुपती, राजमुंद्री, मंगळुरू. ट्रूजेटच्या अंगणातच. त्याआधी स्पाइसजेट होतीच तिथे, त्यांचा क्यू-४०० चा, म्हणजे एटीआरसारख्याच टर्बोप्रॉप विमानांचा, तळ २०११ पासून हैदराबादेत.

आणि आता ती सवलत आठवा. इंडिगोच्या एटीआरमध्ये सीट किती, ७८. क्यू-४०० मध्ये पण ७८. ऐंशीच्या आत बसवून जितक्या मावतील तितक्या. वजन ४० टनांच्या खाली. म्हणजे इंधनावरचा कमी कर, लँडिंग माफी, जे जे ट्रूजेटला मिळत होतं ते सगळं इंडिगोलाही, आणि वर सहा सीट जास्त, विमान कोरं, मॉडेल ६००. छोट्यांना हात द्यायला केलेली सोय मोठ्यांनी उचलली आणि त्यात बेकायदा काहीच नाही. कायदा बनवणाऱ्यांनी विमानाचं वजन मोजलं, मालकाचं वजन मोजलंच नाही.

लोक म्हणतात इंडिगोने भाडं पाडून मारलं. थोडं खरं आहे, पण माझ्या मते भाडं हा दुसरा वार होता. पहिला वार होता पुढच्या प्रवासाचा. राजमुंद्रीहून हैदराबादला निघालेला माणूस बऱ्याचदा हैदराबादला जातच नसतो, त्याला दिल्ली, कोलकाता, मुंबई गाठायची असते. इंडिगोत तो एक तिकीट काढतो, बॅग राजमुंद्रीला टाकतो ती थेट दिल्लीला घेतो, पहिलं विमान लेट झालं तर पुढच्यात बसवायची जबाबदारी कंपनीची. ट्रूजेटने हैदराबादला आला की बॅग घ्या, बाहेर या, परत चेक-इन करा, आणि पहिलं विमान तासभर उशिरा आलं तर दुसरं तिकीट गेलं पाण्यात. हा माणूस पाचशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून ट्रूजेटने येणार नाही. उलट इंडिगोला राजमुंद्री-हैदराबाद तुकड्यावर चार पैसे कमी मिळाले तरी चालतं कारण पुढे दिल्लीच्या तुकड्यात ती वसुली होते. एकाच्या दृष्टीने तो रूट म्हणजे अख्खं दुकान, दुसऱ्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक आत आणणारा दरवाजा.

औरंगाबादेत पण हेच झालं. २०१९ ला जेट एअरवेज बसली तेव्हा शहराची विमानं एकदम रोडावली होती, हैदराबादसाठी ट्रूजेट हा मोठा आधार. मग स्पाइसजेट आली, २०२० च्या सुरुवातीला इंडिगो आली, दिल्ली-मुंबईबरोबर हैदराबाद पण. प्रवाशांच्या दृष्टीने उत्तमच, मी औरंगाबादचा असतो तर मीही इंडिगोच घेतली असती.

पायलटचं पण बघा. एटीआर चालवायला एटीआरचंच रेटिंग, म्हणजे त्या विमानाची वेगळी परवानगी, लागतं, असे कॅप्टन देशात मोजके. ५० एटीआर घेणारी कंपनी ते कुठून आणणार? काही नवे तयार करेल आणि बाकीचे जिथे आधीच आहेत तिथून, जास्त पगार देऊन. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची नोटीस सक्तीची केली, त्याने जाणं लांबतं, थांबत नाही.

डॉलर, तास आणि एक बिघडलेलं विमान

विमानाचं भाडं डॉलरमध्ये असतं. समजा एका एटीआरला महिन्याला १,२०,००० डॉलर. २०१५ ला कंपनी चालू झाली तेव्हा डॉलर ६४ च्या आसपास, म्हणजे ७६.८ लाख रुपये. २०१८ च्या ऑक्टोबरात डॉलर ७४ ला टेकला, तेच भाडं ८८.८ लाख. काहीही न करता एका विमानामागे महिन्याला १२ लाख वाढले, सात विमानं धरली तर ८४ लाख. आणि नांदेडचं उडान तिकीट रुपयात, वरून कमाल किंमत सरकारने बांधलेली.

यावर उपाय एकच, विमान जास्त तास उडवायचं. भाडं महिन्याचं ठरलेलं असतं, २०० तास उडवा की ३०० तास. पण छोट्या गावांत संध्याकाळ झाली की खेळ संपला, कोल्हापूरला तेव्हा नाईट लँडिंगच नव्हतं. मुंबईत हवी ती वेळ मिळत नाही, स्लॉट मिळाला तर भलत्याच वेळेचा. ज्याला सकाळी मंत्रालयात किंवा हायकोर्टात पोचायचंय त्याला दुपारचं विमान काय कामाचं, तो आपला देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघतो आणि सकाळी मुंबईत उतरतो, झोप पण होते आणि हॉटेल पण वाचतं.

आता सगळ्यात दुखरी जागा. विमान एक, गावं चार. तेच विमान सकाळी हैदराबादहून निघणार, नांदेडला येणार, तिथून मुंबई, परत नांदेड, परत हैदराबाद. सकाळी हैदराबादेत काहीतरी बिघाड निघाला, पार्ट यायला दुपार झाली, की नांदेडचं सकाळचं गेलं, मुंबईचं गेलं, संध्याकाळचं पण गेलं. धंद्यातले लोक याला एओजी म्हणतात, विमान जमिनीवर. इंडिगोकडे असं झालं तर दुसरं विमान फिरवतात कारण शेकड्याने आहेत. सात विमानांची कंपनी, त्यात एखादं कायम चेकला हँगरमध्ये, एकही सुटं विमान नाही. आणि विमान रद्द झालं की नांदेडच्या माणसाने करायचं काय? त्या रूटवर दुसरी एअरलाइन नाही. त्या दिवशीचं देवगिरी-नंदीग्रामचं तिकीट वेटिंगला. तत्काळची वेळ टळून गेलेली. मग ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये, किंवा चौघं मिळून गाडी करून. असं दोनदा झालं की व्यापारी, डॉक्टर, वकील, म्हणजे जे पूर्ण भाडं देणारे ते १८ जण, ते पहिले सुटतात. उरतात २,५०० वाले. वरचा हिशोब परत वाचा म्हणजे कळेल याचा अर्थ काय.

इथे मला कंपनीचीही चूक दिसते. सात विमानं घेऊन किती पसरायचं? हैदराबाद होतंच, मग चेन्नईहून सेलम आणि म्हैसूर, अहमदाबादहून पोरबंदर, कांडला, जैसलमेर, जळगाव, नाशिक, मुंबईहून नांदेड आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-जळगाव, बंगळुरूहून बिदर. विसाच्या आसपास ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी स्टाफ, काउंटर, इंजिनिअरची सोय, राहायची व्यवस्था. अहमदाबादला अडकलेल्या विमानाला हैदराबादचा पार्ट, हैदराबादचा माणूस. का पसरले ते समजतं, बोलीत जे रूट मिळाले ते उडवायचे, सबसिडी तिथेच होती. जिकडे अनुदान तिकडे विमान. पण त्यामुळे नकाशा प्रवाशांनी नाही, टेंडरने काढला.

तीन वर्षं संपली ती नेमकी केव्हा

२७ एप्रिल २०१७ मध्ये तीन वर्षं मिळवा. एप्रिल २०२०. देशात २५ मार्चपासून एकही नियमित देशांतर्गत प्रवासी विमान उडत नव्हतं, २५ मे ला चालू झाली. म्हणजे उडानच्या सगळ्यात पहिल्या रूटची मुदत कॅलेंडरप्रमाणे ऐन लॉकडाऊनमध्ये भरत होती. विमानं उभी, डॉलरचं भाडं चालू, तिकिटाचा पैसा शून्य. चालू झाल्यावरही निम्म्या रिकाम्या सीट, दुसरी लाट, परत रिकामं.

इंडिगोलाही तेव्हा हजारो कोटींचा तोटा झाला, पण त्यांच्या तिजोरीत रोकड होती आणि भाड्याने विमानं देणारे त्यांच्याशी बोलायला तयार होते, कारण ते उद्याचेही गिऱ्हाईक. सात विमानांच्या कंपनीशी असं बोलणं होत नाही. पगार थकले, विमानं एकेक करून कमी होत गेली. २०२१ मध्ये एक गुंतवणूकदार ४९ टक्के हिस्सा घेणार अशी मोठी घोषणा झाली, पैसा आला नाही. नंतर अजून एक घोषणा, तेच. पाठीशी मेघासारखा समूह असून का सोडलं असं लोक विचारतात. मला विचाराल तर त्यात नवल नाही, ठेकेदारीत पैसा ओतला तर बिल निघतं, इथे ओतला तर पुढच्या महिन्यात परत तेवढाच ओतावा लागतो.

ट्रूजेटची अवस्था अपवाद नव्हती हे नंतर कॅगच्या, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या, अहवालात आकड्यांनी दिसलं. उडान-३ पर्यंत, म्हणजे बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी. आणि सबसिडी संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. म्हणजे दिलेल्या शंभर रूटपैकी सात. त्यामुळे ट्रूजेटचा सीईओ बदलला असता किंवा मार्केटिंग बरं केलं असतं तर वाचली असती, हे मला पटत नाही. पसरले नसते तर कदाचित अजून दीड-दोन वर्षं काढली असती.

माझ्या मते तीन वर्षांची मुदत चुकीच्या गोष्टीला बांधली होती. रूटला नाही, प्रवाशांच्या संख्येला बांधायला हवी होती, अमुक इतके प्रवासी सलग वर्षभर आले की मदत कमी करत जा. आणि मोठ्या विमानतळावर छोट्या कंपनीच्या प्रवाशाची बॅग पुढच्या विमानात जाईल एवढी सक्ती जरी मोठ्यांवर केली असती तरी सबसिडीपेक्षा त्याने जास्त काम केलं असतं. याला मोठे तयार होणार नाहीत हे मला माहितीये.

बाकी नांदेडचं म्हणाल तर २०२२ नंतर दोनेक वर्षं विमानतळ असून नसल्यासारखा होता. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला देशभरातून लोक येतात, ते सगळे रेल्वेने नाहीतर हैदराबादला उतरून रस्त्याने. २०२४ च्या मार्चअखेर स्टार एअर आली, ही कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची, आणि त्यांनी हैदराबादच्या भरवशावर बसण्याऐवजी बंगळुरू-नांदेड-हिंडन-आदमपूर असं विमान लावलं. हिंडन म्हणजे दिल्लीच्या शेजारचं, आदमपूर म्हणजे जालंधर. तिथून गुरुद्वाऱ्याला येणारा शीख प्रवासी बाराही महिने आहे आणि तो नांदेडलाच येतोय, पुढे कुठे जोडून जायचं नाहीये त्याला. विमानही ७६ सीटचं एम्ब्रेअर जेट, कारण हे अंतर एटीआरचं नाही. गोव्याची फ्लाय९१ मात्र एटीआरच उडवतेय, जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर, आणि हैदराबादलाही जाते. तिथे इंडिगोची एटीआर आधीच उभी आहेत.